तिजोरीतला नारळ

दाभण रेक्झिनमधून आत आलं ते थेट दिव्यश्रीच्या अंगठ्यात.

"आलं का?" बाहेरून खंडोजीने विचारलं.

"आलं. माझ्यात आलं," ती म्हणाली आणि अंगठा तोंडात घातला. रक्तालाही रेक्झिनचाच वास येत होता. गेले कित्येक दिवस घरात सगळ्यालाच तो वास येत होता, सांबारालासुद्धा.

रिक्षाच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून, मान मोडल्यासारखी वाकवून ती बसली होती. डोक्यावर नवा टप ताणलेला, आत उजेड नावाला. बापाने बाहेरून दाभण टोचायचं, लेकीने आतून ओढून पुढच्या टाक्याला परत बाहेर ढकलायचं. बाहेरच्याला आतला दिसत नाही, आतल्याला बाहेरचा. नुसत्या दोऱ्याच्या ओढीवर काम चालायचं. मशीन धड असतं तर टप दुकानातच शिवून झाला असता, रिक्षावर नुसता चढवायचा राहिला असता. पण मशीनचा दांडा गौरी-गणपतीत मोडला. वेल्डिंग केलं, तो पुन्हा मोडला. आता त्या मशीनवर ठकूआत्या ओली लुगडी वाळत घालायची.

आणि हे सगळं खंडेनवमीच्या तोंडावर. बंगळूरचा रिक्षावाला एरवी वर्षभर फाटक्या टपावर प्लॅस्टिक बांधून पावसात हिंडेल, त्याला काही वाटणार नाही. पण आयुधपूजेला त्याच्या रिक्षाला नवं लुगडं लागतं म्हणजे लागतं. चामराजपेटेतल्या त्या बोळात खंडोजीच्या दुकानासमोर रिक्षा अशा लागल्या होत्या, की पलीकडच्या घरच्यांना दार अर्धंच उघडता येत होतं.

पायरीवर मुनिराजू चहा पीत बसला होता. रिक्षा त्याची होती.

"खंडण्णा, स्वल्प लवकर. पूजा यंदाच आहे ना?"

"यंदाच आहे. तुझ्या रिक्षाची यंदा होते का ते बघू," खंडोजी म्हणाला. त्याच्या उजव्या तळहाताला दाभणाच्या मुठीने खड्डा पडला होता. त्यावर त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. दोरा ओढताना तो हुं म्हणायचा. दिवसभर ते हुं ऐकून दिव्यश्रीला झोपेतही ऐकू यायला लागलं होतं.

"नवं मशीन घ्या की."

"घेतोय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

हे वाक्य खंडोजी हल्ली येईल त्याला ऐकवायचा. म्हैसूर रोडवर बॅगांचा एक कारखाना बंद पडला होता आणि त्याच्या शेडमध्ये जाड शिलाईचं मशीन होतं. खंडोजी ते दोनदा बघून आला होता, दुसऱ्यांदा तर नुसतं हात फिरवायला. मालक म्हणाला होता, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवतो, मग जो पैसे आणेल त्याचं. बोळाच्या तोंडाशी तुकाईच्या देवळाला लागून जी सोसायटी होती, तिने कर्ज मंजूर केलं होतं. गल्लीतल्या शिंप्या-रंगाऱ्यांनी पूर्वी कधी आपापसात पैसे घालून उभी केलेली सोसायटी; सगळ्यांचा पैसा तिथे, सगळ्यांची कर्जं तिथली. सेक्रेटरी गिरीराज म्हणाला होता, सुट्ट्या संपल्या की पहिलं काम तुमचं, मामा.

तेवढ्यात प्रेमा आली. दिव्यश्रीची आई त्या सोसायटीची पिग्मी गोळा करायची. खांद्याला पिशवी, हातात पावती काढायचं छोटं यंत्र, पायात झिजून एका बाजूला कललेल्या चपला. रोज संध्याकाळी फुलवाल्या, इडलीवाले, इस्त्रीवाले, रिक्षावाले, जो जेवढे देईल तेवढे घ्यायचे आणि पावती द्यायची. मुनिराजूने खिशातून चुरगळलेली नोट काढून तिला दिली. यंत्राने चिर्र केलं.

"अक्का, ह्याच पैशातून तुमचं मशीन येणार म्हणे. म्हणजे माझ्याच पैशाने मला टप," तो म्हणाला.

"तुझ्या पैशाने एक सुई येईल. गप चहा पी," प्रेमा म्हणाली.

*

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ठकूआत्या सोसायटीची तिजोरी धुवायला गेली. ही खंडोजीची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाच्या घरी आली ती तिथलीच झाली. तिला कुणी काम सांगत नसे, कारण सांगायच्या आधीच ती काम करून वर बोलूनही मोकळी व्हायची. तिजोरी धुणं हा मात्र तिचा मान होता. शिंपी कातरीची पूजा करतो, रिक्षावाला रिक्षाची, तशी ती सोसायटी तिजोरीची करायची. हिरवी, माणूसभर उंचीची लोखंडी तिजोरी. आत्या ती चिंचेने, मग साबणाने, मग साध्या पाण्याने पुसायची, हळद-कुंकवाची बोटं ओढायची. आत नारळ ठेवायचा, आणि नारळाशेजारी नोटांची एक गड्डी. पूजेच्या दिवशी तिजोरीचं दार उघडं राहायचं आणि सगळी गल्ली येऊन फूल वाहून जायची. ओटी जशी रिकामी भरत नाहीत, तशी तिजोरीही रिकामी पुजत नाहीत, असं आत्याचं म्हणणं. म्हणणं कसलं, कायदाच.

ती परत आली ती पदराला हात पुसत, कुणाकडे न बघता.

"नुसता नारळ," ती म्हणाली.

"काय नुसता नारळ?" प्रेमाने विचारलं. ती पुऱ्यांचं पीठ मळत होती.

"तिजोरीत. गड्डी नाही, चिल्लर नाही, काही नाही. आतून ठोकली तर घुमली गं. मी म्हटलं, गिरी, गड्डी कुठाय? तर म्हणतो, अक्का, यंदा नाही. सुट्टीत रोकड ठेवायची नाही, चोरी झाली तर विमा मिळत नाही, ऑडिटरने सांगितलंय. सगळे पैसे मोठ्या बँकेत भरले, मोबाईलवर दाखवू का? मी म्हटलं, मग मोबाईल ओवाळू का मी उद्या?"

दिव्यश्री हसली. पीयूसीला, म्हणजे अकरावीला, कॉमर्स घेतल्यापासून तिला असल्या गोष्टींत फार रस होता, आणि त्यातलं आपल्याला बरंच कळतं असं हल्ली तिचं ठाम मत झालं होतं. "बरोबर आहे की त्यांचं. पैसे तिजोरीत बसून काय अंडी घालणार?"

"आधीच्या सेक्रेटरींच्या, फत्तेसिंगरावांच्या वेळी असायची गड्डी."

"फत्तेसिंगरावांच्या वेळी उंदराने गड्डी कुरतडली होती. तूच सांगितलंस."

"उंदराला कुरतडायला तरी होती," आत्या म्हणाली.

"ताई, हे बाहेर बोलू नका," प्रेमा हलकेच म्हणाली. पिठाचा हात तिने तसाच हवेत धरला होता.

"मी कुणाला बोलते?"

एवढं बोलून आत्या सकवारबाईकडे फुलं आणायला गेली.

सकवारबाईचा फुलांचा गाळा देवळासमोर. तिथे शेवंतीच्या माळेचे हात मोजून घेईपर्यंत बायका उभ्या असतात आणि उभ्या बायकांना काहीतरी लागतंच. आत्या काय बोलली ते दिव्यश्रीने ऐकलं नाही. पण संध्याकाळी ती कोथिंबीर आणायला गेली तेव्हा भाजीवाल्याने विचारलं, सोसायटी बुडाली म्हणे? इस्त्रीवाल्याने विचारलं, गिरीराज पळाला म्हणे? गिरीराज तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर, पलीकडच्या फुटपाथवर, सोसायटीच्या दाराला केळीचे खुंट बांधत होता. एक खुंट सारखा वाकडा होत होता आणि तो सारखा सरळ करत होता.

"ते काय, तिथे आहेत," दिव्यश्री म्हणाली.

"हां, आज आहे," इस्त्रीवाला म्हणाला.

*

खंडेनवमीला गल्ली झेंडूने पिवळी झाली. खंडोजीने मोडक्या मशीनचीही पूजा केली. आत्याने लुगडी काढून दिली, तेवढी तिने त्याची लाज राखली. मुनिराजूची रिक्षा नव्या टपात चकाकत उभी होती. त्याने चाकाखाली लिंबू ठेवलं, कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. मग प्रेमाला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, आपले पैसे आहेत ना?"

"आहेत."

"नाही, म्हणजे, आहेत ना?"

"मुनिराजू, पावती आहे ना तुझ्याकडे?"

"पावती आहे. मी पैशांचं विचारतोय."

तिकडे सोसायटीत तिजोरीच्या दर्शनाला कधी नव्हे ती रांग लागली. दरवर्षी लोक फूल टाकून प्रसाद घेऊन जायचे. यंदा प्रत्येक जण वाकून आत बघत होता. नुसता नारळ. एकाने तर हात घालून मागची भिंत चाचपली. गिरीराज नवं सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून, हसतमुख उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला विम्याचं समजावत होता. जितकं समजावत होता तितके लोक गप्प होत होते. दिव्यश्रीला त्याच्याकडे बघवेना. शाळेत उत्तर बरोबर असूनही बाई चूक देतात, तेव्हा मुलाचं तोंड जसं होतं तसं त्याचं झालं होतं.

"सर, एक गड्डी ठेवली असती तर?" ती म्हणाली.

"नियम असा मोडायला लागलो तर उद्या काय राहील, दिव्या?" तो म्हणाला. "गेल्या वर्षी ऑडिटरने हेच लिहिलं होतं. मी सुधारलं. यंदा शेरा चांगला मिळेल."

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटायला प्रेमा सकवारबाईकडे गेली. दिव्यश्री बरोबर होती. सकवारबाईने बन्नीची, म्हणजे शमीची, पानं हातावर ठेवली, नमस्कार घेतला आणि म्हणाली, "हे पान तरी झाडाचं आहे, प्रेमा. झाड बघता येतं." प्रेमाने पानं पिशवीत टाकली. परत येताना तिने रस्ता बदलला. नेहमीच्या रस्त्यावर तिची बावीस-तेवीस पिग्मीची घरं होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस. खंडोजीने पांढरा शर्ट घातला. कर्ज घ्यायला जायचं तर तोच शर्ट, लग्नाला जायचं तर तोच. मागच्या बाजूला रेक्झिनच्या गोंदाचा एक डाग होता. प्रेमाने तो आत खोचायला सांगितला.

"ताई कुठाय?" त्याने विचारलं.

"देवळात गेली असेल," प्रेमा म्हणाली.

आत्या देवळाशेजारी होती. सोसायटीच्या पायरीवर, घरून नेलेल्या स्टुलावर, छत्री उघडून. ती रांगेत पहिली. तिच्यामागे रांग देवळाला वळसा घालून, सकवारबाईच्या गाळ्यावरून, पार दुधाच्या बूथपर्यंत गेली होती.

दिव्यश्रीला आधी वाटलं, आत्या पावसामुळे बसलीय. मग तिने तिच्या मांडीवरचं पासबुक पाहिलं.

"आत्या, तू?"

"कुणीतरी पहिलं असायला नको?"

"अगं पण तूच तर..." दिव्यश्री म्हणायला लागली. रांगेतले लोक बघत होते. आत्याने छत्री जराशी पुढे झुकवली आणि तिचं तोंड छत्रीआड गेलं.

गिरीराजने दार उघडलं. बँकेतून सकाळी आणलेली रोकड त्याने टेबलावर मांडली आणि कुणालाही नाही न म्हणता द्यायला सुरुवात केली. आत्याला सगळे पैसे मिळाले. नवऱ्यामागे आलेले, त्यावर संडगे-पापडांची भर, सगळे. तिने ते कापडी पिशवीत घातले, पिशवी कनवटीला खोचली आणि स्टूल उचलून बाजूला झाली. गेली मात्र नाही. तिथेच भिंतीला टेकून बसली.

खंडोजी रांगेच्या कडेने पुढे सरकायला लागला तसा ओरडा झाला.

"ओ खंडण्णा, लाइन!"

"मला काढायचे नाहीत. मला घ्यायचेत," खंडोजी म्हणाला.

"सगळ्यांना घ्यायचेत."

"कर्ज घ्यायचंय."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, बुडत्या बोटीत हा सामान चढवतोय. खंडोजी पांढऱ्या शर्टात तसाच उभा राहिला. खोचलेला शर्ट मागून सुटला होता आणि गोंदाचा डाग दिसत होता. दिव्यश्रीला कुणावर तरी ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ते ठरेना, इतके जण होते.

प्रेमाची तर दारातच अडवणूक झाली. सकवारबाईने तिची पिशवी धरली. "रोज दारात येऊन घेत होतीस ना गं? दे दारातच परत. मी भिजत लाइनीत का उभी राहू?"

"माझ्याकडे कुठले, सकवारक्का? मी रोजच्या रोज आत भरते."

"मग आत काय आहे? नारळ?"

प्रेमाने पिशवी उलटी करून दाखवली. पावतीचं यंत्र, कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, दसऱ्याचं सुकलेलं पान. लोकांनी ते सगळं नीट बघितलं. मग प्रेमाने खाली वाकून एकेक वस्तू परत आत भरली आणि लोक तेही बघत राहिले. ते जास्त वाईट होतं.

दुपारच्या आधीच टेबलावरची रोकड आटत आली. गिरीराज बाहेर येऊन म्हणाला, "पैसे आहेत. मोठ्या बँकेत मुदतीच्या ठेवीत आहेत. ती मोडायला चेअरमनची सही लागते. दोन सह्या लागतात, माझी झाली."

"चेअरमन कुठायत?"

गिरीराजने घाम पुसला. "म्हैसूरला. दसऱ्याचे हत्ती बघायला नातवंडांना घेऊन गेले होते. निघालेत. वाटेत गर्दीत अडकलेत."

"म्हणजे हत्तींमुळे आमचे पैसे अडले," मुनिराजू म्हणाला. तो रिक्षा लावून केव्हापासून रांगेत होता. नवा टप पावसात चकाकत होता, आत थेंब नाही.

खंडोजी टेबलाशी पोचला. "गिरी, माझं?"

"मामा, आज कसं देऊ? चेक लिहिला तर तो वटायला खात्यात शिल्लक लागते. शिल्लक आज ह्या लोकांची आहे. आधी ठेवी परत, मग कर्ज. आज जमणार नाही."

"संध्याकाळपर्यंत मशीन आहे."

"मला माहीत आहे, मामा."

खंडोजीने ट्यूबची पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला होता. तो त्याने उचलला आणि खिशात घातला, जणू तो उघड्यावर ठेवायची वस्तूच नव्हती. तो बाहेर आला, चपला शोधल्या आणि दुकानाकडे निघून गेला. छत्री विसरला.

*

दिव्यश्री आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्याकडे आहेत ना आता पैसे. अप्पांना दे. मशीन आज येईल. कर्ज मिळालं की तुझे तुला."

"कुणाला? खंडूला?" आत्याने तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने पैसे गटारात टाकायला सांगितले. "दुकान घातलं तेव्हा माझ्या पाटल्या नेल्या त्याने. वर्षाने विचारलं तर म्हणतो, ताई, आपल्यात कसला हिशेब? आपल्यात हिशेब नसतो गं, तीच तर रड आहे. भावाला दिलेलं परत येत नाही. सोसायटीत ठेवलेलं येतं. आत्ताच आलं बघ." तिने कनवटीवर थाप मारली.

"मग काढलेस कशाला?"

आत्याने पिशवी आणखी आत खोचली. छत्रीवरून पाण्याची धार तिच्या पायावर पडत होती, तिने पाय मागे घेतला नाही.

"सोसायटीचा हप्ता अप्पांनी कधी चुकवलाय?" दिव्यश्रीने विचारलं. आवाज चढत होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "सांग ना. एकदा तरी?"

"तिथे कसा चुकवेल? फळ्यावर नाव लिहितात."

"हां. तुला अप्पांचा भरवसा नाही, पण सोसायटीचा आहे. सोसायटीला अप्पांचा आहे. ती मधे बसलीय म्हणून आपल्या घरात भांडण नाही आणि दुकानात मशीन होतं. आणि तू सकवारबाईला जाऊन सांगितलंस की ती बुडाली."

"बुडाली म्हटलं नाही मी. नुसता नारळ म्हटलं. नुसता नारळच होता."

"तेच ते, आत्या."

"तेच कसं?" आत्या म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. बराच वेळ ती रांगेकडे बघत बसली. रांगेत तिच्या ओळखीची नाही अशी एक व्यक्ती नव्हती. मग तिने गुडघ्यावर हात देऊन उठायला सुरुवात केली. एकदम उठता येत नव्हतं, दिव्यश्रीने हात दिला तर तो झटकला.

ती आत शिरली तसे लोक पुन्हा ओरडले. "ठकक्का, तुम्हाला मिळाले ना? आता काय नारळ न्यायचाय?"

"भरायचेत," आत्या म्हणाली.

गिरीराजने मान वर केली. "काय?"

"पैसे. भरायचेत. भरून घे."

"अक्का, ही काढायची लाइन आहे," मागचा एक जण म्हणाला. "लाइनीत या."

"भरायला लाइन? मेल्या, भरणारी मी एकटीच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. आत्याने पिशवी टेबलावर ठेवली, पण हात सोडला नाही. "आधी तिजोरी उघड. हे सगळ्यांदेखत नारळाशेजारी ठेव. मग पावती."

"अक्का, नियमाने आधी..."

"सर," दिव्यश्री मागून म्हणाली, "नियम उद्या. आज तिजोरी उघडा."

गिरीराजने एकदा तिच्याकडे, एकदा रांगेकडे पाहिलं आणि किल्ली काढली. हळदीची बोटं ओढलेलं दार उघडलं. नारळाला कोंब फुटायला आला होता. त्याने गड्ड्या त्याच्या बाजूला रचल्या. सगळी रांग माना लांब करून बघत होती. दोघी-तिघी बायका आपसात कुजबुजल्या आणि पदर डोक्यावर घेऊन घरी स्वयंपाकाला गेल्या. दुधाच्या बूथकडची शेपटी सुटली. मुनिराजू म्हणाला, मी जरा एक भाडं मारून येतो, माझी जागा धरा. आणि परत आला नाही.

सकवारबाई हलली नाही. "आधी आग लावायची, मग पाणी आणायचं," ती म्हणाली. "माझे दे बाबा." गिरीराजने आत्याच्याच गड्डीतून मोजून तिला दिले. आत्या जवळून बघत होती.

"माझे आहेत ते," ती सकवारबाईला म्हणाली. "नीट ने. ओल्या फुलांत ठेवू नकोस."

चेअरमन तीन वाजून गेल्यावर आले, हातात नातवाचा फुगा तसाच. सही केली. बँकेतून पेटी आली. पेटी आत जाताना दिसली तेव्हा रांगेत सात-आठ माणसं उरली होती आणि त्यांतलीही अर्धी हत्तींची हकीकत ऐकत होती. पैसे भरपूर होते. घ्यायला कुणी नव्हतं. गिरीराज दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

"आता अप्पांचा चेक?" दिव्यश्रीने विचारलं.

"बँक बंद झाली. कर्ज रोखीत देता येत नाही, नियम आहे. शनिवार-रविवार मी नुसता चेक देऊन काय उपयोग, तो माणूस वटल्याशिवाय मशीन सोडणार नाही." त्याने डोकं वर केलं. "सोमवारी. पहिलं काम."

संध्याकाळी खंडोजी म्हैसूर रोडवर जाऊन आला. मशीन टेम्पोत चढलं होतं. शांतिनगरकडचा कुणी सीटवाला, रोख घेऊन आला होता. हे खंडोजीने जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं. प्रेमाने त्याच्या पानात भात वाढला. आत्या जेवायला बसलीच नाही, म्हणाली, उपास आहे. कसला ते कुणी विचारलं नाही.

*

सोमवारी प्रेमा पिशवी घेऊन निघाली तेव्हा सकवारबाईने गाळ्यातूनच हाक मारली आणि पुढच्याच्या पुढच्या आठवड्याचेही घे म्हणाली. घरात पैसा ठेवून रात्रभर झोप नाही आली म्हणे. खंडोजीला कर्जाचा चेकही मिळाला, पण मशीन आता शोधायचं होतं. कधी मिळेल, कुठे मिळेल, देव जाणे. सणाआधी न झालेल्या तीन रिक्षा दारात उभ्या होत्या, आणि त्यांचे मालक पायरीवर.

दिव्यश्री कॉलेजचा ड्रेस घालून आली. केस बांधले होते, बूट काढून ठेवले होते. पहिला तास बुडणार हे तिने धरलंच होतं. खंडोजी रिक्षामागे उभा राहून ट्यूबची पट्टी गुंडाळत होता. ती आत शिरायला वाकली, तर आत कुणीतरी होतं.

आत्या. सीटवर गुडघे टेकून, लुगड्याचा काचा मारून, एका हाताने वरचा दांडा धरून. तिची मान आधीच अवघडलेली दिसत होती.

"तू जा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणि त्याला सांगू नकोस."

"आत्या, तुला आत दिसणार नाही."

"तुझ्या बापाला तरी कुठे दिसतं? जा म्हणते ना."

दिव्यश्रीने बूट घातले. बोळाच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथेच नाडी बांधत थांबली.

"ओढ गं," खंडोजी म्हणाला. दाभण आत गेलं. दोरा ढिला पडला, मग अडखळत ताणला गेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"आलं का?" त्याने विचारलं.

आत सीटची स्प्रिंग करकरली.

"आलं," आत्या म्हणाली. "माझ्यात आलं."

खंडोजीचा हात टपावर तसाच राहिला. पायरीवरचा एक रिक्षावाला काहीतरी बोलायला गेला, त्याला त्याने मानेनेच गप्प केलं. मग दोऱ्याला एक हलकासा हिसका दिला, आतल्या माणसाला पुढची जागा कळावी म्हणून.

"सावकाश, ताई," तो म्हणाला. "घाई नाही."

रेक्झिनला आतून टोक आलं. जागा चुकली होती, दोन बोटं वर. ते मागे गेलं, पुन्हा आलं, आणि दाभण बाहेर पडलं.